तक्रारी : निरंक

अर्ज लिहून देणे हा माझा धंदा आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठच्या एका बाजारगावी माझे छोटे ई-सेवा केंद्र असून उत्पन्नाच्या दाखल्यापासून वारसनोंदीपर्यंत दिवसाला पंधरा-वीस अर्ज माझ्या हातून जातात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ हे वाक्य मी झोपेतही टाईप करू शकेन. त्यामुळे आमच्या फडाचे पाणी रस्त्याच्या कामात अडले तेव्हा त्याचा अर्ज मीच लिहिणार, हे न सांगता ठरलेले होते. त्या अर्जाला शेवटी दीड वर्ष लागले आणि तो एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेच्या मुख्यालयापर्यंत जाऊन आला. त्या बँकेचे किंवा काम पाहणाऱ्या कार्यालयाचे नाव मी देणार नाही, कारण समझोत्याच्या बैठकांत कोण काय बोलले ते बाहेर न नेण्याचे आम्ही लेखी मान्य केले आहे. जे मी स्वतः केले आणि पाहिले तेवढेच लिहितो.

फड म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगितलेले बरे. पांझरेसारख्या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे, ऊस तर ऊस, गहू तर गहू, आणि पुढच्या वर्षी पिकाची पाळी फिरवायची. पाणी कोणत्याही सरकारी खात्याचे नसते, ते गावाच्या व्यवस्थेचे असते. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो आणि वर्षातून एकदा सगळे मिळून पाटाचा गाळ काढतात. ही रीत तीनशे वर्षांपेक्षा जुनी मानली जाते. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी खोल गेल्या आणि बऱ्याच गावांचे फड मोडले. आमच्या गावचे चार होते, त्यातले दोन चालू आहेत. माझ्या वडिलांच्या वाट्याची अडीच बिघे त्यातल्या खालच्या फडात येतात, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे.

रस्त्याखालून पाट जायचा तो घडीव दगडांच्या मोरीतून. रुंदीकरणात ती मोरी उखडली आणि तिच्या जागी सिमेंटचे ह्यूम पाईप टाकले. काम नीटनेटके दिसत होते, आम्हीही तसेच म्हटले. गव्हाच्या पहिल्या पाण्याला मात्र पाट रस्त्याच्या अलीकडेच फुगला. पाईपचा तळ पाटाच्या तळापेक्षा वीतभर उंच बसला होता. ज्याने पाट पाहिला नाही त्याला वीतभर म्हणजे काहीच वाटणार नाही. पण पाटाचा उतारच इतका थोडा असतो की पाणी चालते आहे की उभे आहे हे पाहायला त्यात काडी टाकावी लागते. तिथे वीतभर चढ म्हणजे भिंतच. अलीकडच्या शेतांत पाणी बांध फोडून शिरले आणि पलीकडचा फड कोरडा राहिला.

चार महिन्यांत चार अर्ज दिले. पहिला ठेकेदाराच्या कॅम्पवर, दुसरा रस्त्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयात, तिसरा तालुक्याच्या लोकशाही दिनात आणि चौथा पुन्हा त्याच कार्यालयात स्मरणपत्र म्हणून. प्रत्येकाची पोच घेतली, शिक्का आणि तारीख नीट उमटली आहे ना ते पाहून. ही सवय मला धंद्यामुळे लागली आहे आणि पुढे सगळा डाव तिच्यावरच फिरला. उत्तर एकच आले : सदर ठिकाणी हंगामी नाला असून पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरेशा क्षमतेची मोरी बांधण्यात आली आहे. आमचा जागल्या, वय सत्तरीच्या पुढे, हे ऐकून एवढेच म्हणाला, “हाऊ नाला नही, पाट शे.” पुढच्या दीड वर्षात आम्ही जे काही सिद्ध केले ते या पाच शब्दांपलीकडे नव्हते.

रस्त्याच्या सुरुवातीला निळा फलक होता आणि त्यावर खालच्या ओळीत कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव होते. रोज त्याच्याखालून जात असूनही ते मी कधी वाचले नव्हते. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने ते वाचले आणि रात्री बसून बँकेच्या संकेतस्थळावरून प्रकल्पाची कागदपत्रे उतरवली. कर्ज मंजूर होण्याआधी बँकेने राज्याकडून पर्यावरण परीक्षणाचा अहवाल, व्यवस्थापन आराखडा आणि पुनर्वसनाचा आराखडा करून घेतलेला असतो आणि हे सगळे सार्वजनिक असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आमच्या भागात ही कागदपत्रे कोणी पाहिली असतील असे वाटत नाही. सगळी इंग्रजीत, दोनशेच्या वर पाने, आणि त्यात आमचे गाव एका तक्त्याच्या एका ओळीत. रस्त्यावरचे अंतर दाखवणारा साखळी क्रमांक बरोबर होता. पुढे लिहिले होते : हंगामी नाला.

पण त्याच आराखड्यात मागे एक कलम होते. रस्त्यालगतचे सिंचनाचे पाट आणि चाऱ्या कामाच्या काळात व नंतर अखंड चालू राहतील याची जबाबदारी ठेकेदाराची, आणि देखरेख करणाऱ्या सल्लागाराने दर सहा महिन्यांनी तसा अहवाल द्यायचा. सहामाही अहवालही तिथेच होता. त्यात ‘प्राप्त तक्रारी’ या रकान्यात जे लिहिले होते त्याचे आपल्या कार्यालयीन मराठीत भाषांतर एकच होते : निरंक, म्हणजे एकही नाही. माझ्या टेबलाच्या खणात त्याच सहा महिन्यांतल्या शिक्क्यांच्या तीन पोचा होत्या.

त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट उलटी फिरली. पंचवीस वर्षे मी विनंती अर्ज लिहीत आलो. आपण मागायचे, वरच्याने द्यायचे, दिले तर उपकार. इथे मागण्यासारखे काही नव्हतेच. वचन आधीच दिलेले होते, ते छापून ठेवलेले होते, त्याच्या बळावर कर्ज मंजूर झाले होते, आणि ते मोडले असताना मोडले नाही असे लिहून कळवले गेले होते. अर्जाचा मजकूर ‘कृपया मोरी खाली घ्यावी’ असा राहिलाच नाही. तो ‘तुमच्या अमुक पानावरचे अमुक कलम पाळले गेलेले नाही’ असा झाला.

अशी तक्रार घेणारी व्यवस्था या बँकांकडे कुठून आली, हे वाचताना मी थबकलो, कारण तिची मुळे आमच्याच खानदेशात निघाली. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या धरणाच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावे येत होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तेव्हा हे तालुके आमच्याच धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. मणिबेली हे त्यातले पहिले गाव. तिथल्या लोकांच्या लढ्यानंतर बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये तिने पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या बाबतीत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नसल्याचे लिहिले, आणि १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणार नसल्याचे कळवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळाने तपासणी मंडळ स्थापन करण्याचा ठराव केला. कर्जाच्या प्रकल्पामुळे बाधा पोहोचलेल्या सामान्य माणसाला बँकेविरुद्ध थेट तक्रार करता येईल अशी ही पहिली सोय. पुढे इतर विकास बँकांनीही आपापली कार्यालये उघडली. फडाच्या सभेत मी हे सांगितले तेव्हा दोन-तीन म्हाताऱ्यांना मणिबेलीचे नाव वर्तमानपत्रातून आठवत होते. “ते डोंगरातले आदिवासी लढले आणि आपण शिक्का घेऊन गप्प बसलो,” असे एकजण म्हणाला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

न्यायालयात का गेला नाहीत, असे मला पुष्कळांनी विचारले. ठेकेदाराविरुद्ध जाता आले असते, पण दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतात हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. आणि बँकेला कायद्याचे संरक्षण असते. कच्छमधल्या मुंद्रा इथले मच्छीमार आणि शेतकरी कोळशाच्या वीजप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या, जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्ध थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेले होते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की अशा संस्थांना संपूर्ण संरक्षण नाही. मोठा निकाल होता, पण खालच्या न्यायालयांत खटला पुन्हा फेटाळला गेला आणि २०२२ मध्ये तो दरवाजा त्यांच्यापुरता बंद झाला. म्हणजे बँकेने स्वतः उघडून ठेवलेली खिडकी हीच काय ती उरते.

तक्रार पाठवण्याच्या अटी कठीण नव्हत्या. किमान दोन बाधित व्यक्ती हव्यात, वकील लागत नाही, फी नाही, आणि मराठीत लिहिले तरी चालते. त्याआधी प्रकल्पाच्या पातळीवर आणि बँकेच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडे प्रयत्न केल्याचे मात्र दाखवावे लागते. दिल्लीला आम्ही ईमेल पाठवला. पाच आठवड्यांनी उत्तर आले की विषय राज्याच्या यंत्रणेकडे पाठवला आहे, आणि यंत्रणेचे उत्तर आले की सदर ठिकाणी हंगामी नाला आहे.

खरी अडचण नावांची आली. सह्या कोण करणार? नावे गुप्त ठेवण्याची सोय होती, पण फडातल्या बावीस खातेदारांपैकी कोण बोलले हे गावात चहा थंड होण्याआधी कळते. ठेकेदाराकडे गावातलीच सहा पोरे कामाला होती, दोघांचे ट्रॅक्टर लागलेले होते. ‘विकासाला विरोध करणारे’ हा शिक्का कोणालाच नको होता, आणि तो खोटाही होता, कारण रस्ता आम्हाला हवाच होता. त्याच रस्त्याने आमचा कांदा बाजारात जातो. शेवटी पाच जणांनी नावानिशी सह्या केल्या. त्यात जागल्या होता. त्याच्या नावावर फडात गुंठाभरही जमीन नाही. तो बाधित कसा, असे बँकेकडून पुढे विचारलेही गेले. आम्ही कळवले की त्याची मजुरी फड धान्यात देतो, आणि फडाला गहू झाला नाही तर त्यालाही होत नाही. हे त्यांनी मान्य केले.

तक्रार नोंदवली गेल्यावर दोन वाटा समोर ठेवल्या गेल्या. एक तपासणीची : स्वतंत्र मंडळ कागद पाहील, इथे येईल आणि बँकेने स्वतःचे धोरण पाळले की नाही याचा निर्णय देईल. यात सरकारची किंवा ठेकेदाराची चूक तपासली जात नाही, फक्त बँकेची. दुसरी वाट मध्यस्थीची : दोष कोणाचा हे बाजूला ठेवून सर्वांना एका सतरंजीवर बसवून प्रश्न सोडवायचा. सभेत यावर दोन संध्याकाळी गेल्या. तपासणीला वजन असते हे आम्ही वाचले होते. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात विस्थापितांच्या तक्रारींवर जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाचा अहवाल आला आणि २००६ च्या मार्चमध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनासाठीचे पैसे काही महिने थांबवले होते. माझा स्वतःचा कौल तपासणीकडे होता, कारण ते ‘निरंक’ मला सलत होते. पण पाटकऱ्याने विचारले, “अहवाल आला तर पाणी येईल का?” तपासणीला वर्षाच्या वर लागते आणि तिच्या शेवटी मिळतो तो निष्कर्ष. गव्हाला कार्तिकात पाणी लागते. आम्ही मध्यस्थी घेतली. तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते आणि तो मला आजही थोडा टोचतो.

मध्यस्थीसाठी बँकेच्या मुख्यालयातून एक बाई आणि त्यांच्यासोबत दिल्लीहून एक दुभाषी आले. मारुतीच्या पारावर बैठक झाली. दुभाषी चांगला होता, पण हिंदीतून बोलत होता आणि ‘बाधित’ या अर्थाच्या शब्दाला दर वेळी ‘लाभार्थी’ म्हणत होता. पहिल्यांदा लोक हसले. तिसऱ्यांदा एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “लाभ कोना व्हयना?” लाभ कोणाचा झाला, हे त्यांचे अहिराणीतले विचारणे दुभाष्याला कळले नाही. मी मराठीत सांगितले, त्याने इंग्रजीत सांगितले आणि त्या बाईंनी वही मिटून तो शब्द काय आहे ते आधी समजून घेतले. पुढच्या सगळ्या कागदांत ‘बाधित खातेदार’ असेच आले.

मग सगळे मोरीवर गेले. कार्यालयाच्या अभियंत्यांनी नकाशा काढला आणि पाईपचा तळ नकाशाप्रमाणेच असल्याचे दाखवले, आणि ते खरेच होते. चूक नकाशात होती. तिथे नाला समजून तळ काढला होता, आणि पावसाळ्यातल्या नाल्याला वीतभर उंचीने काही फरक पडत नाही. हे बोलून पटत नव्हते. तेव्हा आमच्या गावच्या गवंड्याने पिशवीतून लेव्हलची नळी काढली. पारदर्शक प्लास्टिकची, आठ-दहा मीटरची, आत पाणी भरलेली, तोंडाशी थोडा निळीचा रंग. एक टोक त्याने पाटाच्या तळावर उभ्या धरलेल्या पट्टीला लावले, दुसरे टोक त्याच्या पोराने पाईपच्या तोंडाशी धरले. निळे पाणी वर-खाली झाले आणि थांबले. पोराने पट्टीवर खूण केली, पट्टी आडवी धरली आणि अंतर मोजले : साडेआठ इंच. कोणीच काही बोलले नाही. अभियंत्यांनी स्वतः वाकून पुन्हा मोजले. ते तरुण होते आणि कोकणातले होते. त्यांनी परत उठताना मला हळूच विचारले की हा पाट किती जुना आहे. मी सांगितले. “आमच्याकडे असे काही नकाशावर येतच नाही,” असे ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही.

एक उपकथा इथेच सांगतो. मोरीच्या बाजूला एका विधवा बाईची चहाची टपरी होती, ती रुंदीकरणात उठवली होती. रस्त्याच्या सरकारी जागेतली टपरी म्हणजे अतिक्रमण. जमीन संपादन होतच नसल्यामुळे २०१३ चा भूसंपादन कायदा तिथे लागत नाही. पण बहुतेक विकास बँकांच्या धोरणात जमिनीचा हक्क नसलेल्यालाही बांधकामाची आणि बुडालेल्या कमाईची भरपाई द्यायची असते, फक्त ठरलेल्या तारखेआधी तो तिथे असायला हवा. सर्वेक्षणाच्या यादीत तिचे नाव नव्हते, कारण त्या दिवशी ती माहेरी लग्नाला गेली होती आणि बंद टपरीला माणूस धरला नव्हता. मी तिचे जुने वीजबिल आणि ग्रामपंचायतीची बाजारपट्टीची पावती मध्यस्थांना दाखवली. तिला सव्वातीन महिन्यांत पैसे मिळाले. आमच्या आधी.

समझोत्याचा मसुदा दोन भाषांत करायचा होता आणि इंग्रजीत तो आठ दिवसांत झाला. मराठीवर तीन आठवडे गेले. त्यांच्या मसुद्यात होते की यंत्रणा ‘सद्भावनेपोटी’ नवीन मोरी बांधून देईल. आम्हाला ‘आराखड्यातील तरतुदीनुसार’ असे हवे होते. मला माझ्या धंद्यातला शब्द ओळखू येत होता : सद्भावना म्हणजे पुन्हा विनंती अर्जच. शेवटी कारणाचा उल्लेखच दोन्ही मसुद्यांतून काढला. नवीन मोरी बांधून दिली जाईल, तिचा तळ पाटाच्या तळाशी समपातळीत असेल आणि माप घेताना पाटकरी हजर असेल, एवढेच राहिले. गव्हाच्या नुकसानीचे कलम टिकले नाही. पंचनामा वेळेत झाला नव्हता आणि आमच्या सात-बाऱ्यावर त्या वर्षी पीकपाहणीत फडाचे पीक नीट चढलेले नव्हते. हा दोष आमच्याकडे येतो. ई-पीक पाहणीची नोंद लोकांना करून देणारा मीच, आणि माझ्याच फडाची राहिली.

मोरी उन्हाळ्यात झाली. माप घेण्याच्या दिवशी अभियंत्यांनी यंत्र लावले आणि गवंड्यानेही नळी लावली. दोन्ही जुळले.

त्या कार्तिकात पाणी सोडले तेव्हा मी केंद्र बंद ठेवून गेलो होतो. जागल्याने पाटात जोंधळ्याचे ताट टाकले. ते मोरीत शिरले आणि आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिलो. वरून ऊस भरलेला ट्रक गेला. थोड्या वेळाने ताट बाहेर आले आणि चारीकडे वळले.

प्रकरण बंद झाल्याचे पत्र बँकेकडून आले, ते मी मराठी करून फडाच्या वहीत चिकटवले. त्यानंतरचा सहामाही अहवाल संकेतस्थळावर आला तेव्हा पुतणीने तो मला पाठवला. आमच्या रस्त्यापुढे, प्राप्त तक्रारींच्या रकान्यात ‘एक’ होते आणि निकाली काढलेल्या तक्रारींच्या रकान्यातही ‘एक’. आधीचे अहवाल मी पुन्हा उघडून पाहिले. ते जसेच्या तसे आहेत, त्यांत अजून निरंकच आहे. दुरुस्तीसाठी मी दिल्लीला लिहिले आहे, चारही पोचांच्या प्रती जोडून. या वेळी सुरुवातीला ‘विनंतीपूर्वक’ लिहिले नाही.